मॉडेल ७० की टिक्का? लेकीस पत्र

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिकारीसाठी घ्यायच्या रायफलींची तुझी यादी मिळाली: विंचेस्टर मॉडेल ७० फेदरवेट, टिक्का टी३एक्स लाइट आणि रुगर अमेरिकन. सॅव्हेज ११० नाही याचं थोडं नवल वाटलं, पण असो. तिन्ही रायफली कारखान्यातून येतात तशाच घेऊन कोलोरॅडोच्या डोंगरात जाता येतं, बंदूक दुरुस्त करणाऱ्या गनस्मिथचं तोंड बघावं लागत नाही. तेव्हा अगदीच वाईट काही पदरात पडेल ही भीती काढून टाक.

तू प्रत्येकीपुढे शंभर यार्डांवरचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांची भोकं, किती इंचांचा ते लिहिलंयस. तो रकाना खोडलास तरी चालेल. हल्लीच्या स्वस्तातल्या रायफलीही बरी काडतुसं घातली की शंभर यार्डांवर दीड इंचाच्या आत तीन गोळ्या टाकतात, आणि म्यूल डिअर हरणाच्या छातीतली मर्माची जागा आठ-दहा इंचांची असते. अर्ध्या इंचाच्या फरकाने हरीण हातचं जात नाही. रायफल अंगाला बसत नसेल तर मात्र नक्की जातं, कारण थंडीत, धापा टाकत, उतारावर वाकडं बसून नेम धरायला तुला पाच-सहा सेकंदच मिळणार असतात.

म्हणून आधी माप. बटच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या, टोकापासून ट्रिगरपर्यंतची लांबी बहुतेक रायफलींना साडेतेरा ते पावणेचौदा इंच असते. हे माप सरासरी उंचीच्या गड्याला डोळ्यासमोर ठेवून ठरलेलं आहे. तुझ्या पाच फूट दोन इंचांना साडेबारा ते तेरा पुरेत, त्यातही जाड जॅकेट अर्धा इंच खातं. स्टॉक (रायफलीचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा दांडा) लांब झाला की बट खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर सरकतो, मान पुढे ताणावी लागते आणि स्कोपमध्ये, म्हणजे वरच्या दुर्बिणीत, एका कडेला काळी चंद्रकोर दिसते. फार आखूड झाला तर स्कोपची कड भुवईवर आदळते. दुकानात शिकारीचं जॅकेट आणि हातमोजे घालूनच जा. विक्रेत्याकडून रायफल रिकामी करून घे, स्वतः चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) बोट घालून खात्री कर. मग समोरच्या भिंतीवरची एक खूण ठरव, डोळे मिट, रायफल खांद्याला लाव आणि डोळे उघड. मान न हलवता स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला तर माप जमलं. चार-पाच वेळा कर. पहिल्या वेळी माणूस नकळत स्वतःलाच जुळवून घेतो. रुगर आणि टिक्का दोघांच्या कॉम्पॅक्ट, म्हणजे आखूड, रायफली साडेबारा इंचांच्या आसपास येतात. फेदरवेट पावणेचौदा. अक्रोडाचा स्टॉक कापून घेता येतो, पण नवीकोरी रायफल पहिल्याच महिन्यात करवतीखाली घालायची हौस असेल तरच.

आता कॅलिबर, म्हणजे कोणत्या मापाचं काडतूस. .३०-०६ ला १९०६ पासून कोणी नावं ठेवलेली नाहीत, मीही ठेवणार नाही. पण सात पौंडांच्या रायफलीत तिचा धक्का वीस फूट-पौंडांच्या वर जातो. .३०८ चा त्याहून थोडा कमी, ६.५ क्रीडमूरचा साधारण तेरा-चौदा, .२४३ चा दहाच्या आसपास. हा फरक खांदा दुखतो की नाही एवढ्यापुरता नाही. धक्क्याची धास्ती बसली की ट्रिगर ओढायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि गोळी खाली जाते. ही खोड लागते पटकन, सुटायला वर्षं जातात. कोलोरॅडोत डिअर आणि एल्क (आकाराने मोठं हरीण) यांच्यासाठी किमान .२४ कॅलिबर, लागल्यावर फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा लागते. गोळीचं वजन (ते ग्रेनमध्ये मोजतात) डिअरला किमान ७० ग्रेन, एल्कला ८५. .२४३ कायद्यात बसते, पण एल्कसाठी मला ती तोकडी वाटते. तुझ्यासाठी ६.५ क्रीडमूर, १४० ग्रेनच्या आसपासची गोळी, आणि एल्कवर तीनशे यार्डांपलीकडे ट्रिगरला बोट लावायचं नाही. मांस घरात शिजणार असेल तर तांब्याची गोळी बघ. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात आणि सुरीला लागत नाहीत.

मॉडेल ७० वर तुझं मन का बसलंय ते कळतं. १९३६ सालची रायफल, काडतुसाची कड धरून ठेवणारा लांब नखासारखा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस चेंबरमधून बाहेर ओढणारा भाग). १९६४ साली खर्च वाचवायला तो काढला, तेव्हापासून लोक ‘प्री-सिक्स्टीफोर’ म्हणून जुन्या रायफलींवर जीव टाकतात. आजच्या मॉडेलमध्ये तो परत आलाय, त्यामुळे जुनीच हवी असा हट्ट धरू नकोस. हरणाच्या शिकारीत त्या नखाने फार फरक पडतो असं मला वाटत नाही. फरक पडतो तो सेफ्टीने. मॉडेल ७० ची सेफ्टी तीन टप्प्यांची आहे: मागे असताना बोल्टही (काडतूस आत-बाहेर करणारा दांडा) बंद, मधे असताना ट्रिगर बंद पण बोल्ट उघडतो, पुढे केली की गोळी सुटणार. म्हणजे मधल्या टप्प्यावर ठेवून चेंबर रिकामी करता येते. टिक्काची सेफ्टी दोनच टप्प्यांची, ती बोल्टही अडकवते. रिकामी करायची तर सेफ्टी काढावीच लागते. तेव्हा टिक्का घेतलीस तर नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर आणि मगच बोल्ट, हा क्रम हाताला इतका लागला पाहिजे की गप्पा मारतानाही चुकू नये. तसंही गाडीत चढताना चेंबर रिकामीच हवी, तो राज्याचा कायदा आहे.

टिक्काच्या बाजूने सांगायचं तर फिनलंडच्या रीहिमाकीत सॅकोच्या कारखान्यात बनते, बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरतो, ट्रिगर दोन ते चार पौंडांत लावता येतो आणि स्कोपशिवाय वजन साडेसहा पौंडांच्या आत. नऊ-दहा हजार फुटांवर दिवसभर चालताना अर्ध्या पौंडाचा फरकही जाणवतो. ट्रिगर तीनच्या खाली नेऊ नकोस, हातमोज्यात बोटाला अंदाज राहत नाही. तिचं काडतुसांचं मॅगझिन सुटं असतं, ते पडलं तर बर्फात सापडत नाही आणि मग एकेक गोळी हाताने भरत बसावं लागतं, म्हणून जास्तीचं एक घेऊन ठेव. मॉडेल ७० ला ही कटकट नाही, तिचं मॅगझिन पोटातच.

रुगर या दोघींपेक्षा बरीच स्वस्त, आणि गोळी नेमकी टाकते. तिचा दुबळेपणा साध्या मॉडेलच्या प्लॅस्टिक स्टॉकच्या पुढच्या भागात आहे. तो वाकतो. बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) भार टाकला की नळीला टेकतो आणि गोळ्या एका बाजूला सरकतात. कागदाची पट्टी नळी आणि स्टॉकच्या मधून सरकवून बघ, आधी नुसती, मग पुढच्या भागावर हाताने दाब देऊन. अडकली तर कारण कळलं. अक्रोडाच्या स्टॉकलाही हीच चाचणी पावसाळी दिवसानंतर परत कर, लाकूड ओल धरून फुगतं.

माझं मत विचारशील तर टिक्का, ६.५ क्रीडमूर, कॉम्पॅक्ट मिळाली तर कॉम्पॅक्टच. मॉडेल ७० अंगाला बसली आणि ६.५ किंवा .३०८ मध्ये मिळाली, तर ती घे. लाकडावरच्या प्रेमाला मी आडवा येत नाही. जुन्या बाजारात रेमिंग्टन ७०० स्वस्त दिसली तर सिरियल नंबर आधी तपास: मे २००६ ते एप्रिल २०१४ मधल्या एक्समार्क प्रो ट्रिगरच्या रायफली कंपनीने परत बोलावल्या होत्या.

स्कोप ३-९x४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा) पुरे. वाचलेले पैसे काडतुसांवर घाल. बसवताना बेसचे (रायफलीवरच्या बैठकीचे) स्क्रू आणि भोकं स्पिरिटने पुसून तेल काढ, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, मग टॉर्कच्या पान्याने आवळ. स्कोप धरणाऱ्या रिंगचे वरचे स्क्रू १५ ते १८ इंच-पौंड, तेही आळीपाळीने, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून. रायफल स्टॉकला जोडणारे ॲक्शनचे स्क्रू पुस्तिकेत दिलेत तेवढेच. “रायफल बिघडली” म्हणून परत येणाऱ्या कितीतरी रायफलींचा एखादा स्क्रू ढिला असतो, एवढंच.

झिरो करताना, म्हणजे स्कोपचा नेम गोळीशी जुळवताना, बोल्ट काढ, रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेव, नळीतून पंचवीस यार्डांवरचा टार्गेटचा मध्य बघ आणि रायफल न हलवता स्कोपमधली फुली (क्रॉसहेअर) त्यावर आण. मग बोल्ट घालून एक गोळी. ज्याचा एक क्लिक पाव मिनिटाचा (कोनाचं मिनिट, वेळेचं नव्हे) त्या स्कोपला पंचवीस यार्डांवर एक इंच म्हणजे सोळा क्लिक, शंभरवर चार. शंभर यार्डांवर तीन गोळ्यांच्या ग्रुपचा मध्य धरून दुरुस्ती कर. एकेका गोळीमागे धावलीस तर दिवसभर स्कोपच फिरवत बसशील. बारीक नळी तीन गोळ्यांत तापते, हात ठेवता येईल इतकी गार होऊ दे. शंभरला दोन इंच वर ठेवलीस की दोनशेला नेमकी आणि तीनशेला साधारण सात इंच खाली. शिवाय थंड नळीतली पहिली गोळी कुठे जाते ते वेगवेगळ्या दिवशी टिपून ठेव. डोंगरात तीच कामाची.

बर्फात बोल्टमध्ये तेल जवळजवळ नकोच. थंडीत ते घट्ट होतं, फायरिंग पिन मंदावते आणि काडतूस पेटत नाही. नळीच्या तोंडाला चिकटपट्टीचा तुकडा लाव. गोळीपुढच्या हवेनेच तो उडतो, नेमात फरक पडत नाही. तंबूत किंवा केबिनमध्ये शेगडीजवळ रायफल आणू नकोस, काचेच्या आत बाष्प धरतं. बाहेरच केसमध्ये कुलूप लावून ठेव.

राहिला कायदा. पैसे मी पाठवतो, पण रायफल इथे विस्कॉन्सिनमध्ये घेऊन तुला देता येणार नाही. दुसऱ्या राज्यात द्यायची तर तिथल्या परवानाधारक दुकानातूनच जावी लागते. तूच घे, बंदूक खरेदीचा ४४७३ फॉर्म तुझ्या नावाने भर. पार्श्वभूमीची तपासणी सुरू झाल्यापासून कोलोरॅडोत किमान तीन दिवस थांबावं लागतं, म्हणून सीझनच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नकोस. हंटर एज्युकेशनचं कार्ड आणि कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी, डोक्यावरही तोच रंग, हे तुला ठाऊकच आहे.

निनादचं मात्र लक्षात घे. तो अजून एच-१बी वर आहे. त्या व्हिसावर बंदूक विकत घेणं तर सोडच, ताब्यात ठेवणंही केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवाना असेल तरच सूट मिळते. त्याला तुझ्याबरोबर यायचंच असेल तर आधी हंटर एज्युकेशन, मग परवाना. तोवर तिजोरीचा आकडा त्याला सांगू नकोस आणि रेंजवर “जरा धर” म्हणून हातात देऊही नकोस. आजीला फोनवर यातलं किती सांगायचं ते तुझं तू ठरव.

तुझा,
बाबा