सूचना : सर्वधर्म फेरी, येत्या रविवारी

सर्व सभासदांना नमस्कार. 21 सप्टेंबरच्या जागतिक शांतता दिनानिमित्त आपली फेरी येत्या रविवारी आहे. सकाळी 7 ला नाशिकच्या पांडवलेण्यांच्या (जुन्या बौद्ध लेण्यांच्या) पायथ्याशी जमायचं, म्हणजे ऊन चढायच्या आत वर पोचू. 17 क्रमांकाच्या लेण्यातला ब्राह्मी लेख सावकाश बघा. उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक माणसाने, हे लेणं भिक्खूंसाठी कोरवून घेतलं. बाहेरून आलेल्यांचं नाशिकशी नातं किती जुनं आहे, ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

पुढे काळाराम मंदिर. 2 मार्च 1930 ला इथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षं चालला. त्यावर दारापाशी थांबून बोलूच. हा भाग गाळून सलोख्याच्या गप्पा मारणं मला पटत नाही.

मग जुन्या नाशकातली बडी दर्गा आणि शेवटी शिंगाडा तलावाजवळचा गुरुद्वारा. दोन्हीकडे डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी लागेल. फोटो विचारूनच काढा. लंगरात जेवणाऱ्यांनी भांडी घासायलाही थांबावं, ही आग्रहाची विनंती.

मुलांना जरूर आणा. शेजारच्या वेगळ्या धर्माच्या घरालाही बोलवा. नावं शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका.