बी.कॉम. की बीबीए: मृणालला पत्र

देवळी तालुका, जि. वर्धा

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोनवर विचारलंस, फायनान्समध्ये जायचं तर बी.कॉम. (वाणिज्य पदवी) की बीबीए (व्यवसाय प्रशासनाची पदवी)? बेटा, आधी काम ठरव. हिशेब तपासणं, कर्ज देणं आणि जोखमीचं गणित मांडणं ही तीन वेगळी कामं आहेत.

बँकेत कोणतीही पदवी चालते. आयबीपीएस ही संस्था सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेते; तिच्या पीओ, म्हणजे बँक अधिकारी, परीक्षेला पदवी आणि २० ते ३० वय लागतं. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी पदाला मात्र खुल्या गटात पदवीला ६० टक्के हवेत, म्हणून पहिल्या सेमिस्टरपासून गुण सांभाळायचे. ग्रामीण बँकेत स्थानिक भाषा यावी लागते. सातबारा, आठ-अ, फेरफार तुला वाचता येतात, ही तिथं कास्तकाराच्या पोरीची जमेची बाजू.

तुझा ओढा सीएकडे, म्हणजे हिशेब तपासण्याकडे, दिसतो, म्हणून त्यावर जास्त लिहिते. पहिली पायरी फाउंडेशन परीक्षा, तिचे ४ पेपर, प्रत्येकी १०० गुणांचे. प्रत्येकात ४० आणि एकूण २०० लागतात. चारही पेपरांत ४५-४५ मिळाले तरी बेरीज १८० होते आणि मूल नापास होतं. पोरं हे निकालाच्या दिवशी शिकतात. तिसरा पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा. तो आणि अर्थशास्त्राचा पेपर वस्तुनिष्ठ आहेत, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. अंदाजाने गोळे भरू नकोस. परीक्षेच्या चार महिने आधी नोंदणी झालेली असावी लागते.

इथेच बी.कॉम. कामी येतं. फाउंडेशन नाही निघालं तरी वाणिज्य पदवीला ५५ टक्के असले की थेट इंटरला, म्हणजे सीएच्या दुसऱ्या पायरीला, बसता येतं. इतर बहुतेक पदव्यांना ६० लागतात. इंटरचे दोन्ही गट निघाले की २ वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकणं, ती पूर्णवेळ ऑफिसात. रोजची हजेरी आणि प्रोजेक्ट मागणारी बीबीए तिच्यासोबत ओढणं फार जड जातं. शिवाय २०२४ पासून बीबीएला सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, आहे. काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदललं, तेव्हा नावावर जाऊ नकोस, अभ्यासक्रमाचा कागद मागून वाच.

माझं मत स्पष्ट आहे: मेजर (मुख्य विषय) वाणिज्य, मायनर (जोडीचा विषय) संख्याशास्त्र. पण मायनर कॉलेजात शिकवत असतील तेच मिळतं. प्रवेशाआधी विचार, त्या विषयाचे सर कायम आहेत की तासिका तत्त्वावर? पद रिकामं असेल तर विषय फक्त वेळापत्रकात राहतो. मग अर्थशास्त्र घे, संख्याशास्त्र फाउंडेशनच्या पुस्तकातून कर.

विम्यातलं जोखमीचं काम, म्हणजे ॲक्च्युअरी, मनात असेल तर मात्र बी.एस्सी. संख्याशास्त्रच बरं. त्याला बहुतेक ठिकाणी बारावीचं गणित लागतं. तू बारावीला एसपीऐवजी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) गणित घेतलंस, म्हणून ते दार तुला उघडं आहे. विषय-बदलाचे सल्ले ऐकून ते घालवू नकोस, माय.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि डोमिसाईल मी मे महिन्यातच सेतू केंद्रातून काढून ठेवते. जूनमध्ये तिथं रांग लागते. दहावीच्या मार्कशीटवरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का ते तू या आठवड्यात पाहून कळव.

तुझी,
आई