झाकू नका, दाखवा

मा. संपादक,
स. न.

‘अंगावर काटा येतो, वाच’ म्हणून भाचीने ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकन लेखिकेचा ‘ब्लडचाइल्ड अँड अदर स्टोरीज’ हा कथासंग्रह माझ्या हाती दिला. काटा आलाच. पण माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षात गेली. त्यामुळे या कथा नुसत्या भयकथांच्या खात्यात टाकून मला मोकळं होता येईना.

शीर्षककथा १९८४ची. विज्ञानकथांसाठीचे नेब्युला आणि ह्यूगो हे दोन्ही पुरस्कार तिला मिळाले. पृथ्वी सोडून पळालेली माणसं परग्रहावर त्लिक नावाच्या अवाढव्य, पुष्कळ पायांच्या प्राण्यांच्या आश्रयाने राहतात. बदल्यात प्रत्येक घराने एक मूल द्यायचं. त्या मुलाच्या, बहुतेकदा मुलग्याच्या, शरीरात त्लिक माद्या अंडी घालतात. गान हा असाच त’गातोई या त्लिक मादीला दिलेला मुलगा. एक दिवस घराजवळ एक माणूस वेदनांनी तळमळताना सापडतो. त्याची त्लिक जवळ नाही आणि थांबायला वेळ नाही. त’गातोई नखाने त्याचं पोट उघडते आणि आतल्या अळ्या शोधून शोधून बाहेर काढते. गानला तिथेच उभं राहून मदत करावी लागते. ती शांतपणे काम करत राहते, आणि लहानपणापासून जिच्या कुशीत झोपला ती त्याला त्या क्षणी परकी वाटू लागते. कळांनी ओरडणाऱ्या पहिलटकरणीला आम्ही सिस्टर लोक तसेच दिसत असणार.

नंतर त’गातोई म्हणते, माणसांना हे दिसू देऊ नये. गान म्हणतो, उलट दाखवा, लहानपणीच दाखवा, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. टेबलावर आलेल्या कितीतरी पोरींना वार म्हणजे काय, टाके कुठे आणि का घालतात, यातलं अक्षरही घरच्यांनी सांगितलेलं नसायचं. का, तर घाबरेल! न सांगितल्यामुळे त्या जास्त घाबरलेल्या असत. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला ही कथा वाचून दाखवावी, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी मोठी कथा आनुवंशिक आजाराची. कर्करोग बरा करणाऱ्या एका औषधाचा परिणाम पुढच्या पिढ्यांना भोगावा लागतो. रोगी स्वतःचंच मांस ओरबाडतात, डोळे काढतात. आजार काल्पनिक असला तरी हंटिंग्टन, फेनिलकीटोनुरिया आणि लेश-नायहान या खऱ्या आजारांवरून तो रचल्याचं बटलर सांगतात. नेहमीच्या वॉर्डात असे रोगी बांधून ठेवलेले असतात, तर डिल्ग या संस्थेत तेच रोगी हातांनी काम करतात, वस्तू घडवतात. स्वतःचे डोळे घालवलेली आई तिथे मुलाचा चेहरा चाचपून त्याला ओळखते, ते पान मी दोनदा वाचलं. मात्र रोगी शांत राहण्याचं कारण शेवटी एका विशिष्ट बाईच्या शरीरगंधात निघतं, ते मला पटलं नाही. शुश्रूषा ही शिकून, चुकून, रात्री जागून येते. बटलर यांनी ती जन्मजात देणगी करून टाकली.

‘स्पीच साउंड्स’मध्ये माणसांची वाचा आणि वाचन आजाराने गेलेलं आहे. राय ही एकेकाळची प्राध्यापिका. घरभर पुस्तकं आहेत, पण एक ओळ वाचता येत नाही, आणि सरपण म्हणून जाळायलाही हात धजत नाही. सोबतच्या पुरुषाला वाचता येतं हे कळल्यावर तिच्या मनात उसळणारा द्वेष फार खरा आहे. शेवट मात्र घाईचा. मृत्यू, अनाथ मुलं आणि आशा असं सगळं दोन-तीन पानांत कोंबलं आहे. ‘निअर ऑफ किन’ आणि ‘क्रॉसओव्हर’ या कथा तर कच्च्या खर्ड्यांसारख्या वाटतात.

माझी मोठी तक्रार आहे ती प्रत्येक कथेनंतर येणाऱ्या लेखिकेच्या टिपणाबद्दल. शीर्षककथा गुलामगिरीची नाही, दोन अगदी वेगळ्या जिवांच्या प्रेमाची आहे, असं बटलर तिथे बजावतात. प्रेम आहे, मान्य. पण बंदिस्त वसाहत आणि घरटी एक मूल हेही त्यांनीच लिहिलं आहे. गानचा होकार किती मोकळा, हा प्रश्न वाचकाकडे राहायला हवा होता. टिपणं कथा संपल्या संपल्या वाचू नयेत, एक दिवस मध्ये जाऊ द्यावा.

पुस्तक घेणाऱ्यांनी २००५ची वाढीव आवृत्तीच मागावी. १९९५च्या पहिल्या आवृत्तीत ‘ॲम्नेस्टी’ नाही. परग्रहवासीयांनी पळवून नेलेल्या आणि सुटून आल्यावर स्वतःच्याच सरकारने छळलेल्या बाईची ती कथा शीर्षककथेच्या तोडीची आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, कराड