तालमीला एक खोली मिळेल का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

५ नोव्हेंबरच्या मराठी रंगभूमी दिनानिमित्त आपल्या पुरवणीत नागपूरच्या नाटकांवर आलेला मजकूर मनापासून वाचला. गाजलेले प्रयोग, स्पर्धांतली बक्षिसे, जुनी छायाचित्रे, सगळेच वाचनीय होते. मी मानेवाडा भागातल्या एका हौशी नाट्यगटात सात वर्षांपासून काम करते. आम्हाला अजून एकही बक्षीस मिळालेले नाही. पण असे गट कशासाठी चालतात आणि कशामुळे बंद पडतात, हे फारसे छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

आमची सुरुवात एका घराच्या गच्चीवर झाली. अकरा जण होतो. एक ऑटोचालक, दोन शिक्षिका, एसटीतून निवृत्त झालेले एक काका, किराणा दुकान चालवणारे नवरा-बायको आणि बाकी कॉलेजची पोरे. त्या संध्याकाळी दोन गोष्टी ठरल्या, त्या आजही पाळतो. दारात आलेल्याला परत पाठवायचे नाही. आणि एका नाटकात भूमिका केली की पुढच्या नाटकात पडद्यामागे राबायचे. गेल्या खेपेचा नायक या खेपेला लेव्हल्स म्हणजे रंगमंचावरचे चौथरे उचलतो, कपड्यांना इस्त्री करतो, प्रॉम्प्टिंगला बसतो. मानधन कुणालाच नाही. प्रयोग संपला की दोघे जण झोळी घेऊन प्रेक्षकांत फिरतात. त्यातून दिव्यांचे आणि टेम्पोचे भाडे निघते, कमी पडले तर आपसात वर्गणी काढतो.

पहिल्या नाटकात आम्ही सगळे पुस्तकी मराठी बोलत होतो. ऑटोवाल्या दादांना त्यांची वाक्ये काही केल्या पाठ होईनात. एका तालमीत ते वैतागून म्हणाले, "मॅडम, माहा बाप असा बोललाच नसता जी." दुसऱ्या दिवशी त्यांच्या पात्राला घरची बोली दिली, आणि ज्या माणसाला चार ओळी जड जात होत्या त्याने अख्खा प्रवेश उचलून धरला. त्या दिवसापासून आमच्या नाटकातली माणसे आमच्यासारखीच बोलतात. नागपुरी बोली फक्त हशा काढण्यापुरती असते, हा समज मला तरी मान्य नाही. त्या प्रवेशाला पुढच्या रांगेतल्या बाया पदराने डोळे पुसत होत्या.

पुढच्या वर्षी मारबतीच्या मिरवणुकीसाठी बडगे म्हणजे मोठाले पुतळे बनवणारा एक कारागीर आमच्यात आला. बांबूच्या कमच्या आणि कागद यांतून त्याने जुन्या वाड्याचा दरवाजा असा उभा केला की दोन शाळकरी मुलींनीही तो सहज उचलावा. प्लायवूडचे नेपथ्य आम्ही त्यानंतर केलेच नाही.

आज मुलांची रविवारची तुकडी धरून आम्ही साठच्या आसपास आहोत. पण मला मोठी वाटते ती दुसरीच वाढ. पहिल्या प्रयोगाला आमचे नातेवाईक तेवढे होते. आता भाजीबाजारात बाया थांबवून विचारतात, "बाई, औंदा नाटक कधी हाये?" पूर्व विदर्भात झाडीपट्टीच्या गावांत दिवाळीनंतर लोक रात्र-रात्र नाटकाला बसतात. तशी ओढ शहरातल्या वस्तीतही लागू शकते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

अडते ते तालमीपाशी. नाटक उभे करायला आम्हाला दोन महिने लागतात, रोज रात्री आठ ते दहा. मे महिन्यात गच्ची रात्री नऊलाही तापलेली असते आणि पावसाळ्यात तिचा उपयोग नाही. म्हणून गेल्या वर्षी एक समाजभवन भाड्याने घेतले. प्रयोग नऊ दिवसांवर आला असताना तिथे लग्नाचे बुकिंग आले आणि आम्हाला जागा सोडावी लागली. उरलेल्या तालमी मैदानातल्या दिव्याखाली केल्या. दोन मुलींच्या घरच्यांनी त्यांना रात्री मैदानावर पाठवायला नकार दिला. त्यांची काळजी रास्तच होती. भूमिका मात्र गेल्या. त्यातली धाकटी रोज आपले संवाद वहीत उतरवून काढायची. ती वही अजून माझ्याकडे आहे.

'कट्यार काळजात घुसली' लिहिणाऱ्या दारव्हेकर मास्तरांनी याच शहरात रंजन कला मंदिर उभे केले. 'वाडा चिरेबंदी'चे महेश एलकुंचवार इथलेच. झाशी राणी चौकातले धनवटे रंगमंदिर गेले, तरी सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृह आहे, रेशीमबागेत कविवर्य सुरेश भट सभागृह झाले. ते सुमारे २,००० आसनांचे आहे आणि शहराला हवेच होते. पण आमच्यासारख्यांना दीडशे प्रेक्षक पुरतात, आणि त्याआधी साठ रात्री एक रिकामी खोली लागते.

अशा खोल्या शहरात आहेत. बहुतेक शाळांचे हॉल संध्याकाळी सातनंतर कुलूपबंद असतात. नोंदणीकृत नाट्यगटांना ते तालमीच्या काळात द्यावेत. अनामत घ्या, विजेचे पैसे घ्या, येणाऱ्या-जाणाऱ्याची रोज वहीत नोंद ठेवायला लावा, झाडून-पुसून परत करण्याची अट घाला. आम्ही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी केलेली आहे, हिशेब दरवर्षी देतो. शाळेला वाटल्यास त्यांच्या मुलांचे एक नाटक आम्ही वर्षातून बसवून देऊ, एक पैसाही न घेता. आपल्या दैनिकाने हा विषय शाळाचालकांपर्यंत आणि नगरसेवकांपर्यंत न्यावा, ही कळकळीची विनंती.

आमचे नवे नाटक जानेवारीत आहे आणि त्यात त्या दोघी मुली आहेत. सध्या तालीम किराणा दुकानाच्या गोदामात, पोती एका बाजूला सारून चालते. शेवटच्या प्रवेशात बावीस माणसे लागतात. गोदामात बारा मावतात, त्यामुळे तो प्रवेश आम्ही अजून एकदाही पूर्ण उभा केलेला नाही.

आपली,
एक हौशी रंगकर्मी,
मानेवाडा, नागपूर