घोटाळा ‘पर्यंत’चा

संपादक महोदय,

गोंधळाचे इंग्रजी शब्द शिकवायचे म्हटले की मुलांपुढे अफेक्ट-इफेक्ट, अ‍ॅक्सेप्ट-एक्सेप्ट अशी यादी ठेवली जाते. या जोड्या नुसत्या दिसायला सारख्या. मराठी मूल खरं अडखळतं ते जिथे आपला एकच शब्द इंग्रजीतल्या दोन-तीन शब्दांचं काम करतो तिथे.

‘पर्यंत’च घ्या. ‘फॉर्म शुक्रवारपर्यंत द्या’ आणि ‘खिडकी शुक्रवारपर्यंत उघडी राहील’, मराठीत दोन्ही बिनतक्रार चालतं. इंग्रजीत पहिल्याला बाय, दुसऱ्याला टिल. खूण मराठीतच आहे: ‘पर्यंत’ऐवजी ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत द्या’ जमतं, तिथे बाय (मात्र बायमध्ये शुक्रवारही धरतात). ‘शुक्रवारच्या आत उघडी राहील’ कानाला खटकतं, तिथे टिल. द्राक्षाच्या निर्यातदाराने ‘टिल १५ फेब्रुवारी माल पाठवू’ असं लिहिलं, तर परदेशातला खरेदीदार त्या तारखेपर्यंत माल येतच राहणार असं समजेल. इथे तर एकच कंटेनर निघायचा असतो.

नकार आला की घोळ आणखी वाढतो. ‘ही वोन्ट कम बाय नाइन’ म्हणजे नऊ वाजले तरी तो आलेला नसेल, पुढचं काही सांगता येत नाही. ‘ही वोन्ट कम टिल नाइन’ म्हणजे येईल, पण नऊच्या आधी नाही. ‘पन्नास पेट्यांपर्यंत’ असा आकडा असला की दोन्ही बाद, तिथे अप टू.

सावलीचंही तेच. पंचवटीतल्या वडाखाली टेकायचं ते शेडमध्ये. शेड म्हणजे ऊन अडलेली जागा, तिला ठरावीक आकार लागत नाही. शॅडो जमिनीवर, भिंतीवर पडते, तिला फांदीचा किंवा माणसाचा आकार असतो आणि ती दुपारी आखडते, संध्याकाळी लांबते. आपले शेतकरी शेडनेट म्हणतात, शॅडोनेट नाही. वहीतल्या निबंधांपेक्षा त्यांचं इंग्रजी इथे चोख आहे.

भाड्याचं थोडक्यात: खोलीचं रेंट, रिक्षाचं फेअर, ट्रकमधल्या मालाचं फ्रेट.

उलटा प्रकारही आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ दोघांना इंग्रजीत एकच वी. ‘वी आर गोइंग टु त्र्यंबक’ ऐकून पाहुण्याने चपला घालायच्या की घरीच थांबायचं, हे त्याला विचारूनच घ्यावं लागतं.

— इंग्रजीच्या एक शिक्षिका, नाशिक