लिंडनचं म्यान

येना (जर्मनी), १४ मार्च

ती. अण्णा आणि आईस सा. न.

आईला आधी सांगा, खोकला गेला आणि डबाही रोज नेते. पुढचं पत्र मात्र तुमच्यासाठी आहे, तिला कंटाळा येईल.

फोनवर तुम्ही म्हणालात, "दोन फळ्या आणि वर चामडं, त्याला चार महिने कशाला?" तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. परवा म्यान हातात आलं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

तलवार १३व्या शतकातल्या घाटाची आहे. एका हाताने धरायची, सरळ, दुधारी, सव्वा किलोच्या आतली. तिच्याबरोबर जे म्यान आलं ते नुसतं जाड चामडं होतं. चालताना आत खुळखुळ वाजायचं. हिवाळा संपेपर्यंत पात्यावर तांबूस ठिपकेही आले. चामडं ओल धरून ठेवतं, शिवाय कमावताना त्यात मुरलेला तुरटपणा लोखंडाला खातो. तलवार चामड्यात ठेवून विसरायची नसते, हे मला ठिपके घासताना कळलं.

म्यान करणारे एक कारागीर सापडले. त्यांना मी पात्याची मापं अगदी मिलिमीटरमध्ये लिहून पाठवली. उलट एकच ओळ आली: तलवार घेऊन या. मला एकटीलाच हसू आलं. तुम्हीसुद्धा चौकट डोळ्यांनी बघितल्याशिवाय दाराला हात लावत नाही. मग तलवार बंद पिशवीत घालून ट्रेनने घेऊन गेले. इथे ती उघडी हातात घेऊन रस्त्याने जाता येत नाही, आणि ते बरंच आहे.

लाकूड कोणतं, यावर मी शहाणपणा केला. म्हटलं, ओक घ्या. ओक म्हणजे यांचा साग, अशी माझी समजूत. त्यांनी काही न बोलता ओकचा एक जुना तुकडा पुढे केला. त्यात खिळा होता आणि खिळ्याभोवती निळसर काळा डाग पसरलेला. ओकमध्ये हिरड्यासारखाच तुरट अंश असतो. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू? आजोबा त्याचीच शाई करायचे.

तेव्हा लिंडन नावाच्या इथल्या झाडाचं लाकूड ठरलं. पांढरट, हलकं, आणि रेषा इतकी बारीक की दिसतच नाही. पटाशी आडवी चालवा, उभी चालवा, लाकूड कुरकुरत नाही. १५००च्या आसपास रीमनश्नायडर नावाच्या शिल्पकाराने चर्चमधल्या किती तरी मूर्ती याच लाकडात कोरल्या. आपल्याकडचं जवळचं लाकूड म्हणजे शिवण असेल, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

दोन फळ्या घेतल्या आणि प्रत्येकीत पात्याच्या अर्ध्या जाडीची खाच कोरली. कोरायची कशी, तर पात्याला काजळी फासून खाचेत ठेवायचं, डाग उमटेल तेवढंच खरवडायचं, पुन्हा ठेवायचं. मी समोर बसले होते त्या दुपारी हे वीसेक वेळा झालं असेल. चार महिन्यांतला बराच वेळ इथे गेला, अण्णा. आतून मेंढीचं कातडं लावलंय, लोकर पात्याकडे करून. लोकरीतल्या तेलाने गंज दूर राहतो. इंग्लंडमधल्या जुन्या अँग्लो-सॅक्सन म्यानांत अशी लोकर असायची. माझ्या तलवारीच्या काळाच्या ते बरंच आधीचं, पण इथल्या दमट हवेपायी तेवढी सूट घेतली.

फळ्या सरसाने जोडल्या. सरसाचं भांडं पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवत होते, थेट आपल्यासारखं, आणि वासही तोच! डोळे मिटले असते तर चिपळूणच. त्यावर सरसात भिजवलेलं तागाचं कापड, मग ओलं चामडं ताणून मागच्या बाजूने शिवण. पट्ट्याला अडकवायला कड्या नाहीत. म्यानाच्या चामड्याला चिरा देऊन पट्ट्याच्याच वाद्या त्यांतून ओवून घेतल्या आहेत.

ही पद्धत बघायला मी नाउम्बुर्गच्या कॅथेड्रलमध्ये जाऊन आले. तिथे १३व्या शतकातले १२ दगडी पुतळे आहेत, काहींच्या हाती म्यानातल्या तलवारी. खरी म्यानं टिकत नाहीत, लाकूड आणि चामडं कुजून जातं. कधी कधी गंजलेल्या पात्यावर लाकडाच्या रेषांचा ठसा तेवढा राहतो. स्पेनमध्ये बुर्गोसच्या मठात मात्र १२७५ साली वारलेल्या फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या थडग्यात तलवार, म्यान आणि पट्टा, सगळं मिळालं.

मला टोकाला नक्षीचं भलंमोठं पितळ हवं होतं. कारागिरांनी विचारलं, "सिनेमात जायचंय का?" मग साधी, छोटी तहनाळ लावून घेतली. चामड्याचा रंगसुद्धा माझ्या मनातल्यापेक्षा फिका निघाला. त्याबद्दल मी अजून थोडी नाराज आहे.

दादा चिडवतो की परक्यांची तलवार घेतली. त्याला सांगा, आपल्या मराठ्यांच्या फिरंगी तलवारीचं पातंही बहुतेक वेळा युरोपातूनच यायचं, मूठ तेवढी आपली.

म्यान उलटं धरलं तर तलवार पडत नाही, आणि उपसताना आवाज येत नाही. किंमत आईला सांगू नका.

उरलेला लिंडनचा हातभर तुकडा मी मागून घेतलाय. मे महिन्यात इथली मैत्रीण रत्नागिरीला येतेय, तिच्याबरोबर पाठवते. आधी रंधा मारून बघा, मग तो जूनभर पडवीत तसाच ठेवा. पावसात किती फुगतो ते मला मापून कळवा.

तुमची,
नीलू