उंची वाढली म्हणून मुलीला दोष नको

संपादक महोदय,

बारा-तेरा वर्षांची जिम्नॅस्ट अचानक बारवरून घसरू लागली की ‘वजन वाढलंय, जेवण कमी कर’ असं सर्रास सुनावलं जातं. हे चूक आणि घातक आहे. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते; जिम्नॅस्ट मुलींत बहुधा आणखी उशिरा. बांधा तसाच राहून उंची 10 टक्के वाढली, तर शरीर हवेत फिरवायला होणारा विरोध सुमारे 60 टक्क्यांनी वाढतो. ताकद त्या वेगाने वाढत नाही. म्हणून कालचा डबल सॉल्टो (हवेतली दुहेरी कोलांटी) आज अपुरा फिरतो आणि ती गुडघ्यांवर आपटते.

दर तीन महिन्यांनी सकाळी, अनवाणी, उभी आणि बसून अशी उंची मोजावी. वाढीचा वेग चढला की नवी कठीण कौशल्यं थांबवावीत, लँडिंगची संख्या घटवावी, फोम पिट (फोमच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा) वापरावा आणि ताकदीवर भर द्यावा. मनगट अंगठ्याच्या बाजूला दुखलं तर पट्टी बांधून सराव रेटू नये. तिथली वाढीची कूर्चा, म्हणजे जिथून हाड लांबीला वाढतं तो मऊ भाग, दुखावलेली असू शकते. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवावंच. उपाशी ठेवलेल्या मुलीची हाडं ठिसूळ होतात, हे कुठल्या पदकात मोजणार?

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत महिलांसाठी वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा 1997 पासून 16 आहे. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑल-अराउंड (सर्व साधनांवरच्या एकत्रित गुणांचं) सुवर्ण जिंकलं ते 27 व्या वर्षी. तरीही आपल्याकडे वयोगटाच्या स्पर्धांत उशिरा वयात येणाऱ्या चणीने लहान मुली निवडल्या जातात, आणि लवकर वाढलेल्या खेळ सोडतात.

– एक जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षक, ठाणे